छोट्या दीपगृहांतले दोष आणि प्रकारभेद : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

लॉट उघडला. एकूण ४६ नग. सगळी अमेरिकी दीपगृहांची संग्राह्य छोटी रूपं, उंची ९० ते २१० मिमी. पहिल्या नजरेत ३१ जिप्समचे, ११ रेझिनचे, ४ भाजलेल्या सिरॅमिकचे. बहुतेक १९९० नंतरच्या दीड दशकातले. निर्माते अनेक आहेत, पण इथे त्यांची नावं लिहायची नाहीत. गटांना अ, आ, इ, ई अशी अक्षरं आणि प्रत्येक नगाला आकडा.

कामाचा हेतू एकच. नगावर दिसणारी प्रत्येक खूण कुठल्या टप्प्यावर आली ते ठरवायचं: साचा, ओतकाम, घासकाम, रंग, जोडणी, की विक्रीनंतर घरात. विक्रेते या सहाही गोष्टींना सरसकट ‘दुर्मिळ व्हेरिएशन’ म्हणतात. साच्यात किंवा रंगाच्या ठरलेल्या योजनेत बदल झाला आणि तो अनेक नगांत तसाच आला, तर तो प्रकारभेद. एकाच नगावर आलं तर दोष. विकल्यानंतर आलं तर इजा. पुढची सगळी तपासणी या तीन खणांसाठी आहे.

असे फरक पडणं अटळ का, याचा हिशोब आधी मांडून ठेवू. उदाहरणापुरतं एकच नाव: अशी छोटी दीपगृहं काढणारी हार्बर लाइट्स ही कंपनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. पहिल्या मालिकेत १७ दीपगृहं होती आणि प्रत्येकाची मर्यादित आवृत्ती ५,५०० नगांची. आता रबरी साच्यातून शंभर चांगले नग निघतात असं उदार मनाने धरलं, तरी एका दीपगृहाला ५५ साचे लागतात. नाजूक कडांच्या आकारात साचा त्याआधीच थकतो, म्हणजे साचे आणखी वाढतात. प्रत्येक साचा मूळ नमुन्यावर नव्याने ओतलेला असतो आणि प्रत्येकाची झीज वेगळी होते. रंग हाताने दिलेला असतो. ‘एका आवृत्तीतले सगळे नग सारखे’ हे वाक्य फक्त प्रमाणपत्रावर खरं असतं.

४ जून

हत्यारं: १० पट भिंग, डिजिटल व्हर्नियर (०.०२ मिमी), ०.१ ग्रॅमचा काटा, छोटा गुण्या, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, मऊ ब्रश. पाणी, स्पिरिट, ॲसिटोन काहीही टेबलावर ठेवायचं नाही. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं (लिटरमागे दोन ग्रॅमच्या वर), त्यामुळे ओल्या फडक्याने वारंवार पुसलेल्या नगाच्या विटांच्या रेघा बोथट होतात. मग कोणीतरी त्याला ‘जुन्या साच्यातला नग’ म्हणून विकतो. ॲसिटोनने ॲक्रिलिक रंग निघतो, त्यावर जास्त बोलायला नको.

साहित्य ओळखताना नुसत्या वजनावर भरवसा नाही. मार्बल पावडर किंवा कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं पॉलिएस्टर रेझिन जिप्समइतकंच जड भरतं. न भरलेलं पॉलियुरेथेन मात्र हातातच हलकं लागतं. खात्रीची जागा म्हणजे तळ. फेल्टचा (तळाला चिकटवलेल्या जाड मऊ कापडाचा) कोपरा जिथे आधीच सुटलेला आहे तिथे सुईच्या टोकाने किंचित ओरखडायचं. पांढरी भुकटी पडली तर जिप्सम, बारीक वळलेली साल निघाली तर रेझिन. सुई निसरली आणि काहीच निघालं नाही तर सिरॅमिक. चिकटलेला फेल्ट यासाठी उचकटायचा नाही, तोही पुरावाच आहे.

या परीक्षेत दोन नग जिप्सममधून रेझिनमध्ये गेले. आता २९, १३, ४.

७ जून

खड्डे आणि पुळ्या. सगळ्यात जास्त खुणा याच दोन प्रकारच्या आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

छोटं दीपगृह उलटं ओततात. साच्याचं तोंड म्हणजे नगाचा तळ, आणि घुमटाचं टोक साच्याच्या सगळ्यात खाली. ओतताना हवा वर, म्हणजे तळाकडे, चढते. वाटेत जिथे रबराचं छत लागतं तिथे ती अडकते. सरळ उभ्या नगात ही जागा म्हणजे गॅलरीची (दिव्याखालच्या गोल सज्जाची) खालची बाजू, कीपरच्या घराच्या वळचणीचा खालचा भाग, खिडकीच्या छज्ज्याचं पोट. म्हणून तिथले खड्डे हे ओतकामाचे. अ गटातल्या एकाच दीपगृहाचे सहा नग शेजारी ठेवले तर सहाही नगांत गॅलरीखाली खड्डे आहेत, पण जागा आणि आकार प्रत्येकात वेगळे. हा दोष, आणि तोही किरकोळ.

पुळी मात्र उलटी गोष्ट सांगते. मूळ नमुन्यावर सिलिकॉन ओतताना बुडबुडा नमुन्याला चिकटून राहिला, की साच्यात पोकळी तयार होते. त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर त्याच जागी मणी येतो. अ-२ आणि अ-५ वर तिसऱ्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली ०.८ मिमीचा गोल मणी आहे, दोन्हींत एकाच जागी. बाकी चार नगांवर नाही. म्हणजे हे दोन एका साच्यातले आणि बाकीचे इतर साच्यांतले. ही साच्याची ओळखखूण म्हणून टिपायची. किंमत वाढवणारी गोष्ट नाही, पण पुढे उपयोगी पडेल.

तिसरा प्रकार: भर. गॅलरीला खालून आधार देणाऱ्या ब्रॅकेटांमधल्या फटी साच्यात रबराच्या पातळ जिभा असतात. नग ओढून काढताना त्या फाटतात. जीभ तुटली की पुढच्या प्रत्येक नगात ती फट जिप्समने भरून येते. अ-१ मध्ये सगळ्या फटी मोकळ्या, अ-४ मध्ये दोन बुजलेल्या, अ-६ मध्ये त्याच दोन आणि शेजारची तिसरी अर्धी. अ-४ आणि अ-६ च्या जोडरेषा (साच्याचे कापलेले ओठ जुळतात तिथली नगावरची रेघ) एकाच वळणाने जातात, तेव्हा हे दोन्ही एकाच साच्यातले आणि अ-६ नंतरचा, असं म्हणायला हरकत नाही.

तळावरचा आवृत्ती क्रमांक मात्र याला दुजोरा देईलच असं नाही. क्रमांक रंगकामानंतर घालतात, तोवर अनेक साच्यांतले नग एका रॅकवर मिसळलेले असतात. अ-६ चा क्रमांक अ-४ पेक्षा लहान आहे. त्यात विसंगती काही नाही.

८ जून

नगाला चिकटपट्टी लावायची नाही. आकडा दोऱ्याच्या चिठ्ठीवर, दोरा बुरुजाच्या कमरेला सैल. दोन नगांवर जुन्या किंमत-स्टिकरबरोबर रंगाचा चौकोन निघून आलेला आहे: इजा.

१२ जून

चाचणी साचे. नुसतं बघून कारणं ठरवणं अर्धवट राहतं, म्हणून दोष मुद्दाम घडवून बघायचे.

नमुना: १३० मिमी उंच साधा बुरुज, गॅलरीला आठ ब्रॅकेट, चार खिडक्या, चौकोनी चौथरा. थ्रीडी प्रिंटरवर यूव्ही रेझिनमध्ये काढला. अशा रेझिनवर प्लॅटिनम-उत्प्रेरकाचं सिलिकॉन घट्ट होत नाही, स्पर्शाचा थर चिकटच राहतो, त्यामुळे टिनवालं घेतलं. प्रत्येक साच्याला ४०० ग्रॅम सिलिकॉन, ३ टक्के हार्डनर, म्हणजे १२ ग्रॅम. हार्डनर वाढवला तर लवकर बसतं खरं, पण रबर ठिसूळ होतं आणि जास्त आकसतं.

साचा १: आधी ब्रशने पातळ हात सगळ्या नमुन्यावर, विशेषतः ब्रॅकेटांत. मग पेटीच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धारेने भरणा. साचा २: ब्रशचा हात न देता थेट ओतलं. दोन्ही २४ तास तसेच.

कापताना एका बाजूने चौथऱ्यापासून गॅलरीपर्यंत नागमोडी छेद. सरळ छेद दिला तर दोन ओठ एकमेकांवर घसरतात आणि नगावर पायरी येते. साचा २ मध्ये अपेक्षेप्रमाणे ब्रॅकेटांच्या कोनात बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत. त्यातून निघणाऱ्या नगांवर पुळ्या कुठे येतील ते आधीच कागदावर काढून ठेवलं.

१५ जून

ओतकाम. अमेरिकी नग ज्या कठीण जिप्सम सिमेंटचे असतात त्यातलं हायड्रोस्टोन हे परिचित नाव. त्याचं प्रमाण १०० भाग पावडरला वजनाने ३२ भाग पाणी, आणि घट्ट होताना ते सुमारे ०.२४ टक्के प्रसरण पावतं. इथे ते न शोधता दातांच्या लॅबचा डेंटल स्टोन (टाइप ३) घेतला: १०० ग्रॅमला ३० मिली. वागणूक पुरेशी जवळची आहे. साधं पीओपी चालणार नाही, त्याला दुपटीहून जास्त पाणी लागतं आणि वाळल्यावर कडा चुरतात.

दर नगाला २०० ग्रॅम पावडर, ६० मिली पाणी. पावडर पाण्यात भुरभुरायची, पाणी पावडरीत ओतायचं नाही. अर्धा मिनिट भिजू द्यायची, मग मिनिटभर सावकाश ढवळायची.

काय केलं आणि काय निघालं:

साचा १, नीट पद्धत. आधी थोडं ओतून साचा तिरका फिरवला म्हणजे आतून लेप बसतो, मग टेबलावर ठोकत भरलं. गॅलरीखाली दोन सुईएवढे खड्डे, बाकी स्वच्छ.

साचा १, न ठोकता एकदम भरलं. गॅलरीखाली खड्ड्यांची माळ. घुमटावरचा गोळा आलाच नाही, कारण अरुंद टोकातली हवा वर यायला वाट नव्हती. इ गटातल्या तीन नगांचे घुमट ‘मुद्दाम सपाट’ आहेत असं त्यांच्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. भिंगाखाली त्या सपाटीला खोलगट, चकचकीत कड आहे, अगदी चाचणी नगासारखी. मुद्दाम काही नाही, हवा अडकली आहे. तिघांत खोलीही वेगवेगळी.

साचा १, पाणी ७५ मिली. ओतायला सुरेख, खड्डे जवळजवळ शून्य. पण वाळल्यावर नखाने चौथऱ्याची कड निघते आणि पृष्ठभाग रंग पितो. बोथट, खडूसारखे नग या घाईतून येतात. घाई कळते: पातळ मिश्रणात बुडबुडे लवकर सुटतात, तेवढं ठोकणं वाचतं.

साचा १, भांडं न धुता. मागच्या घाण्याचे घट्ट झालेले कण नव्या मिश्रणात राहिले की त्यांच्याभोवती स्फटिक धरतात आणि मिश्रण निम्म्या वेळात आवळतं. साचा भरेपर्यंत ते दाट झालं, खिडक्यांच्या चौकटी गोलावल्या, आणि दोन थर जिथे भेटले तिथे बुरुजाभोवती आडवी रेघ राहिली. अशी रेघ आ-३ वर आहे. ती तडा नाही. तडा असता तर वाकडी गेली असती. ही पाण्याच्या पातळीसारखी सपाट आहे आणि रंग तिच्यावरून सलग गेलाय.

साचा २, नीट पद्धत. कागदावर काढलेल्या जागीच सगळ्या पुळ्या, दोन्ही नगांत तंतोतंत.

१६ जून

साचा १ ला रबरबँड दुप्पट घट्ट लावून एक नग. बुरुज लंबगोल झाला: एका दिशेने व्यास ३१.४ मिमी, आडव्या दिशेने ३०.३. जोडरेषेवर ०.३ मिमीची पायरी. मूळ लॉटमध्ये आ-७ चा बुरुज असाच दबलेला आहे. गणपतीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला जोडरेषा कशी घासायची ते सांगावं लागत नाही: ती ओलसर असतानाच काढायची. वाळल्यावर घासली की शेजारचं विटांचं कामही सपाट होतं. आ-७ वर नेमकं तेच झालंय.

२४ जून

वाळवण. पावसाळ्यातलं काम असल्यामुळे हा भाग लांबला, पण त्यातून रंग सुटण्याचं कारण पक्कं झालं.

१०० ग्रॅम जिप्सम पावडरला घट्ट व्हायला रसायनशास्त्राच्या हिशोबाने १८.६ ग्रॅम पाणीच लागतं. ३० घातलं तर ११.४ ग्रॅम पाणी छिद्रांत नुसतं अडकून असतं आणि ते बाहेर गेल्याशिवाय रंग धरत नाही. साच्यातून काढला तेव्हा पहिला नग २५५ ग्रॅम होता. हिशोबाने कोरडं वजन २३३ यायला हवं. पंख्याखाली चार दिवसांनी २४३, आज २३६. हाताला मात्र तो दुसऱ्याच दिवशी कोरडा वाटत होता.

२४३ वर असताना अर्ध्या भागाला ॲक्रिलिकचा पांढरा हात दिला. आज त्या भागात वाटाण्याएवढे दोन फुगे आहेत आणि टेपने ओढल्यावर रंगाची सालच निघाली. ई गटात चार नगांचा पांढरा रंग असाच सालीसारखा उठतोय. सालीच्या मागच्या बाजूला पांढरी भुकटी चिकटून आलीय, म्हणजे रंगाची जिप्समशी पकड कधी बसलीच नव्हती. हा कारखान्यातला दोष, जरी तो दिसायला दहा वर्षं लागली असतील.

घाईने ओव्हनमध्ये वाळवणं हा उपाय नव्हे. पन्नास अंशांच्या वर गेलं की घट्ट झालेल्या जिप्सममधलं बांधलेलं पाणीही सुटू लागतं आणि कडा खडू होतात. चाळीस अंश आणि वाहती हवा, बस.

२९ जून

मापं. एकाच दीपगृहाच्या दोन नगांच्या उंचीत १.२ मिमी फरक आला की ‘छोटा साचा’ आणि ‘मोठा साचा’ अशी नावं पडतात. अ गटाचे सहाही नग मोजले: एकूण उंची १६३.१ ते १६४.४. पण चौथऱ्याच्या वरच्या कडेपासून गॅलरीच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं तर १०८.२ ते १०८.४ एवढाच फेर. फरक सगळा तळात आहे. साच्याचं तोंड वर असतं, तिथला फुगवटा घासून सपाट करतात, कोणाचा जास्त घासला जातो कोणाचा कमी. एकूण उंची मोजून काहीच सिद्ध होत नाही. बुरुजावरच्या दोन घडीव कडांमधलं अंतरच घ्यायचं.

नकली, म्हणजे तयार नगावरून पुन्हा साचा काढलेला माल, ओळखायलाही हेच माप. टिन सिलिकॉन ०.३ ते ०.५ टक्के आकसतं, जिप्सम पाव टक्क्याच्या आसपास फुगतं. जिप्समची नक्कल १०८ मिमीत फार तर दोन-तीन दशांश मिमी लहान निघते आणि ते मोजण्याच्या फरकात हरवतं. पण नक्कल बहुधा रेझिनमध्ये करतात. ते फुगत नाही, उलट आकसतं. इ-५ मध्ये हेच अंतर १०७.१ भरलं. शिवाय त्याच्यावर अ गटातल्या एका नगाच्या रंगाचे ब्रशचे फराटे घडीव रूपात उतरलेले आहेत. मूळ नमुन्यावर ब्रशचे फराटे असतील कशाला? इ-५ वेगळ्या डब्यात.

रेझिनच्या तेरा नगांपैकी तीन झुकलेले. कारण दोन असू शकतात. चौथऱ्यावरची जमीन गुण्याला सरळ आणि बुरुजच वाकडा असेल तर नग गरम असतानाच साच्यातून काढलाय. बुरुज जमिनीला काटकोनात आणि सगळंच एका बाजूला कललेलं असेल तर तळ तिरका घासलाय. पहिलं दुरुस्त होत नाही. दुसरं फेल्टखाली कागदाच्या घडीने होतं.

५ जुलै

रंग. इथे खऱ्या दीपगृहाची माहिती हाताशी नसेल तर पुढे जाऊच नये.

नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर दिवसा ओळख पटावी म्हणून बुरुजांना वेगवेगळे रंग दिले. केप हॅटरासला काळे-पांढरे वळसे, केप लुकआउटला काळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्या, बोडी आयलंडला आडवे पट्टे, आणि करिटक बीचची वीट तशीच लाल ठेवली. छोट्या नगांत या चौघांची आणि फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनची गफलत वारंवार होते.

हॅटरास. बुरुज १८७० चा, उंची १९८.५ फूट, म्हणजे साधारण ६०.५ मीटर. दोन काळे आणि दोन पांढरे पट्टे, प्रत्येक पट्टा बुरुजाभोवती दीड वेळा फिरतो. तपासायचं असं: बुरुजाच्या मध्यावर आडवं फिरत मोजा. काळा, पांढरा, काळा, पांढरा असे चार रंगभाग यायला हवेत. अ-३ मध्ये दोनच येतात. रंगाऱ्याने एकच काळा पट्टा तीन वेळा फिरवलाय. समोरून उभं मोजलं तर दोन्हींत काळे तीनच दिसतात, म्हणून फोटोत हे सहसा लक्षात येत नाही. पण पट्ट्याचा चढ निम्म्यावर येतो. आता हा दोष की प्रकारभेद? बुरुजावर रंगाऱ्यासाठी कोरलेली बारीक रेघ असते. अ-३ वर ती रेघ चार भागांचीच आहे आणि रंग तिला ओलांडून गेलाय. म्हणून दोष. कोरीव रेघच वेगळी असती तर साचा बदलला म्हणता आलं असतं.

घुमटाचा रंग. हॅटरासचं दिवाघर काळं, सेंट ऑगस्टीनचं लाल. सेंट ऑगस्टीनचा बुरुजही १८७४ चा, काळ्या-पांढऱ्या वळशांचा, १६५ फुटी. आ-२ हॅटरास आहे पण दिवाघर लाल. लाल रंगाखाली भिंगाने काळा थर दिसतो का ते पाहिलं: दिसत नाही, थेट पांढऱ्या अस्तरावर लाल आहे. म्हणजे नंतर कोणी रंगवलं नाही, रंगाच्या टेबलावरच अदलाबदल झाली. लॉटमध्ये दुसरा असा नग नाही. दोषाच्या खणात. दुसरा सापडला तर फेरविचार.

हॅटरासचा बुरुज १९९९ मध्ये मूळ जागेपासून सुमारे २,९०० फूट आत हलवला. त्यामुळे चौथऱ्यावरची लाट, वाळूचा बांध किंवा लेबलचा मजकूर आधीच्या आणि नंतरच्या नगांत वेगळा असेल, तर तो जाणूनबुजून केलेला बदल. त्याला खरोखर प्रकारभेद म्हणावं.

मेन राज्यातलं वेस्ट क्वॉडी हेड: १८५८ चा बुरुज, पंधरा पट्टे, आठ लाल आणि सात पांढरे. म्हणजे सगळ्यात वरचाही लाल, खालचाही लाल. ई गटातल्या वेस्ट क्वॉडीच्या दोन्ही नगांवर अकराच पट्टे आहेत, दोन्हींवर एकसारखे कोरलेले. ९० मिमीच्या बुरुजावर पंधरा पट्टे म्हणजे प्रत्येकी ६ मिमी, हाताने रंगवायला वेळ खाणारं काम. निर्मात्याने पट्टे कमी केले. पूर्ण आवृत्तीच तशी असेल तर याला दोषही म्हणायचं नाही आणि भेदही नाही. सोपं केलेलं रूप. कठड्याच्या जाड गजांचंही तेच: हॅटरासच्या नगांच्या प्रमाणात (साधारण १:३७०) खरा इंची गज ०.०७ मिमी होईल, तो कोणीच ओतू शकत नाही.

पट्ट्याची कड फुटलेली दिसते तेव्हा कारण बहुतेक वेळा मास्किंग टेप. विटांच्या खाचांवर टेप पूर्ण बसत नाही आणि काळा रंग खाचेतून पांढऱ्यात जातो. टेप लावल्यावर आधी पांढऱ्याचाच एक हात टेपच्या कडेवर द्यायचा, खाचा बुजतात, मग काळा. चाचणी नगावर दोन्ही पद्धती केल्या. फरक हातभर अंतरावरूनही दिसतो.

११ जुलै

जोडणी. केप लुकआउटच्या शंकरपाळ्यांना दिशा आहे: काळ्यांचं तोंड उत्तर-दक्षिण, पांढऱ्यांचं पूर्व-पश्चिम. ज्या नगांत बुरुज आणि जमीन वेगवेगळी ओतून चिकटवतात, तिथे बुरुज पंचेचाळीस अंश फिरला की घराच्या बाजूला दोन शंकरपाळ्यांमधली सीमारेघ येते. आ-५ असा आहे. बुरुजाच्या तळाभोवती गोंद बाहेर आलाय आणि त्यावर हिरवा रंग आहे, म्हणजे कारखान्यातच असा बसवला.

घुमटावरच्या वीजरोधक सळईभोवती तपकिरी डाग: लोखंडी टाचणी ओलसर जिप्सममध्ये गंजते. पाच नगांत. डाग पुसायचा प्रयत्न नको, गंज आतून येतो.

१३ जुलै

तळ. रेझिनच्या चार नगांचे फेल्ट आपोआप सुटलेत आणि खालचा पृष्ठभाग अजून चिकट आहे. पॉलिएस्टर रेझिन हवेच्या संपर्कात वरच्या थरात पूर्ण बसत नाही, आणि ओतताना उघडी बाजू तळच असते. त्यात हार्डनर कमी पडलेला. घासून काढायला हवा होता, त्याऐवजी फेल्ट लावून झाकलाय.

क्रमांक, प्रमाणपत्र आणि खोका यांचा मेळ नऊ नगांत बसत नाही. हे कारखान्याच्या माथी मारायचं नाही. तुटलेल्या नगाचं प्रमाणपत्र सुट्या नगाबरोबर विकण्याची पद्धत जुनी आहे. ‘चुकीचा क्रमांक, दुर्मिळ’ अशी नोंद आमच्या तक्त्यात कुठेही येणार नाही.

लेबलवर उठून आलेलं चुकीचं नाव मात्र वेगळं. अक्षर साच्यातच कोरलेलं असेल तर चूक सुधारेपर्यंतचे सगळे नग एक गट, सुधारल्यानंतरचे दुसरा गट. आ-१ आणि आ-४ मध्ये एका अक्षराचा असा फरक आहे आणि आ-४ च्या लेबलभोवतीची जमीन नव्याने घडवल्यासारखी मऊ दिसते. मूळ नमुना दुरुस्त करून नवा साचा काढलाय. आतापर्यंत तपासलेल्यांत निखळ प्रकारभेद हा.

१८ जुलै

इजा वेगळी काढणे. एक नियम जवळजवळ सगळीकडे पुरतो: खळग्याच्या तळाशी रंग आहे का पाहा. रंग आत उतरलेला असेल तर टवका रंगाच्या आधी उडाला. आत पांढरं जिप्सम असेल तर नंतर. करडं पांढरं असेल तर बराच आधी, पण तरीही विक्रीनंतरच. तड्यालाही हेच लागू.

यूव्हीखाली दुरुस्त्या उघड्या पडतात. इपॉक्सीने जोडलेली गॅलरी निळसर पांढरी चमकली, भोवतालचा रंग मुका. पण नुसत्या चमकेवर निर्णय नको. कारखान्यातही तुटलेले कठडे चिकटवून पुढे पाठवतात. चमकणाऱ्या रेघेवरून मूळ रंगाचा हात गेलेला असेल तर कारखान्याची जोड. रंगाचा तुकडा रेघेपाशी थांबून वेगळ्या छटेने सुरू होत असेल तर घरची. ई-२ आणि ई-९ या कसोटीने घरच्या दुरुस्तीत गेले. ई-६ कारखान्याच्या.

२६ जुलै

तक्ता पूर्ण. ४६ नगांपैकी प्रकारभेदाच्या खणात दोनच जोड्या बसल्या: आ-१ आणि आ-४ चं लेबल, आणि इ गटात खिडक्यांची संख्या बदललेली एक जोडी. साच्यांच्या ओळखखुणा वेगळ्या रकान्यात, किंमतीशी न जोडता. बाकी सगळं दोष किंवा इजा.

तक्त्यात प्रत्येक खुणेपुढे चार गोष्टी: जागा (चौथऱ्यापासून मिमी आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंश, मुख्य दार म्हणजे शून्य), खळगा की उठाव, आत रंग आहे का, आणि दुसऱ्या कुठल्या नगात तीच आहे. या चौथ्या रकान्याशिवाय पहिले तीन निरुपयोगी.

३ ऑगस्ट

परत पॅकिंग. कोरडा ब्रश, वरून खाली. जिप्समचे नग आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळायचे, बबल रॅप थेट रंगाला नको. उन्हाळ्यात त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, चिकट तळाचे चार रेझिन नग वेगळे आणि बटर पेपरवर. ई गटातले साल निघणारे चार नग आडवे, उठलेली बाजू वर, टिश्यू सैल. त्यांची पकड बसवायला पातळ केलेलं ॲक्रिलिक बाइंडर वापरून बघायचं आहे, पण हवा कोरडी झाल्यावर. आधी चाचणी नगाच्या फुगलेल्या अर्ध्या भागावर, मग ई-११ वर, ज्याचा पांढरा आधीच निम्मा गेलाय.

इ-५ च्या डब्यावर ‘पुनर्साचा, १०७.१’ लिहिलं. त्याच गटातला इ-८ पुन्हा मोजायचा राहिलाय.